उंच ग्लासातला पहिला तास

ताई, तुम्ही गेलात त्या सकाळी घरात पहिला वाद झाला तो बर्फावरून. माझी लेक मिनल बंगळुरूहून निघाली होती, ती पोहोचायला दुपार होणार होती, आणि बीरगावचं ऊन सकाळीच अंगणात येऊन बसलं होतं. माझ्या नवऱ्याच्या, प्रकाशच्या कारखान्यातले साहू भैया बर्फाची लादी आणायला मोटरसायकल काढून उभे होते. तेवढ्यात प्रकाश, तुमचा भाऊ, म्हणाला, "वरती ताईच्या फ्रिजात बर्फ आहे ना भरून. तोच आणा."

मी म्हटलं, "तो नाही."

"काहून?"

"तो ग्लासातला आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो बर्फ तुम्ही कसा करायचात ते त्यांना कुठे माहीत होतं? पाणी दोनदा उकळायचं, निववायचं, डब्यात भरून डब्याला बाहेरून जुना टॉवेल गुंडाळायचा, वरून झाकण नाही. मग तो हळूहळू वरून खाली गोठतो आणि आरपार दिसतो. ढगाळ बर्फ ग्लासात तुम्हाला चालायचा नाही. शेवटी साहू भैयांनी बाजारातून लादी आणली. तुमच्या अंगाला ती लावताना मी पायाशी उभी होते. मला रडू आलं नाही, नंतरही आलं नाही. दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत माझी सगळी नोकरी गेली. समोरच्या नळीत काय आहे ते पाहायचं आणि तेवढंच लिहायचं, ही सवय. तुमच्याबद्दलही तसंच लिहीन म्हणते.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा वरच्या खोलीत तुम्ही आधीपासून होतात. माझी मोठी नणंद, रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला, सकाळी डबा घेऊन जाणारी, संध्याकाळी येऊन स्वतःची साडी स्वतः धुणारी. तुमचे यजमान रेल्वेत होते, नोकरीत असतानाच वारले, त्यांच्या जागेवर तुम्हाला घेतलं, एवढं मला लग्नाआधी सांगितलं होतं. दारूने गेले, हे लग्नानंतर सांगितलं. त्यापुढे कोणी काही बोलत नसे आणि मीही विचारलं नाही. आपलं दोघींचं भांडण कधी झालं नाही, पण फार जमलंही नाही. एकदा तुम्ही म्हणालात, "मले 'तू' म्हणत जा ना वो, किती दिवस 'तुम्ही तुम्ही' करशील?" मी म्हटलं, "हो ताई, तुम्ही म्हणाल तसं." तुम्ही हसलात. माझ्या तोंडी 'तू' काही आलं नाही. आताही येत नाही.

तुम्ही निवृत्त झालात त्याच सुमारास प्रकाश उशिरा यायला लागला होता. कारखान्याची शिफ्ट सुटली की उरला गावाच्या रस्त्यावर दोस्तांसोबत बसायचं, मग घरी. मी त्याचं रक्त काढून दवाखान्यातल्या आमच्याच खोलीत तपासलं होतं आणि यकृताचे आकडे त्याच्यापुढे ठेवले होते. त्याने ते चष्मा लावून नीट वाचले, मान डोलावून "हव" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उशिरा आला. एक दिवस तुम्ही सदर बाजारातून कागदात गुंडाळलेले उंच ग्लास घेऊन आलात, चार की सहा. रिक्षातून उतरताना ते तुम्ही लेकरू धरावं तसे छातीशी धरले होते.

मला वाटलं, निवृत्तीनंतरचा छंद. कोणी भजनं म्हणतं, कोणी कुंड्या लावतं. तुम्ही सोडा करायचं यंत्र घेतलं, त्याचं गॅसचं नळकांडं घेतलं, आणि गच्चीवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या तीन केल्यात. गच्चीवर कारखान्यांची काळी पूड बसते. तुम्ही रोज संध्याकाळी फरशी धुवायचात आणि ग्लासांवर बशा झाकून ठेवायचात.

पहिल्या दिवशी तुम्ही प्रकाशला फोन करून "जरा काम आहे, सीधा घरी ये" म्हणालात. तो आला. तुम्ही त्याच्या हातात बेलाचा ग्लास दिलात, वर फेस, आत बर्फ. तो उभ्या उभ्या दोन घोटांत प्यायला, ओठ पुसले आणि म्हणाला, "हे तं शरबत होय ताई. मस्त आहे. मी येतो थोडं जाऊन."

आणि गेला. मी भांडी आवरायला लागले. तुम्ही रिकामा ग्लास नाकाशी धरून उभ्या होतात. मला म्हणालात, "गोड झालं ना वो. गोड असलं का माणूस गटकन पिऊन टाकते."

त्यानंतरचे कितीतरी महिने तुम्ही कडूच्या मागे लागलात. ते मी जवळून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तिथेच तुमच्याबद्दल मला पहिल्यांदा कुतूहल वाटलं. नागपूरहून येणाऱ्या संत्र्यांची सालं तुम्ही आतला पांढरा भाग न काढता उकळलीत. काळ्या चहाचा कडक काढा करून गार केलात. वैद्याकडून चिरायता आणलात आणि त्याच्या पाण्याचे दोन-चार थेंब घालून पाहिलेत; पहिल्या वेळी इतका पडला की मिनलने बेसिनकडे धाव घेतली. "बुआ, ये तो दवाई है!" ती ओरडली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "अजून नाही जमलं." आल्याचा रस, काळ्या मिरीचा काढा, भाजलेल्या कैरीचा गर, चिंचेचं पाणी, गवती चहा. घशाला थोडं जळलं पाहिजे, जिभेवर थोडं आवळून आलं पाहिजे, गोडी मागे राहिली पाहिजे. म्हणजे माणूस एक घोट घेतो, थांबतो, आणि मग दुसरा घेतो. हे तुम्ही मला लसूण सोलता सोलता समजावून सांगितलं होतं.

गॅस नेहमी नुसत्या पाण्यात भरायचा, आणि पाणी दात शिवशिवतील इतकं गार हवं. कोमट पाण्यात तो टिकत नाही. रस आधीच घातला तर सगळं यंत्राच्या तोंडातून भिंतीवर जातं. हे आपल्याला कळलं ते जांभळाच्या दिवसांत. त्या भिंतीवरचे डाग पुसायला तुम्ही मला हात लावू दिला नाहीत, स्वतः स्टुलावर चढलात. ग्लासात आधी रस, मग बर्फ, मग कडेकडेने सोडा, आणि लांब चमच्याने खालून एकदाच वर उचलायचं. ढवळायचं नाही. मी एकदा ढवळलं तर तुम्ही माझा हात धरलात. "अवो, सगळी जान निघून जाते त्याची."

मग एका उन्हाळ्यात ते जमलं. संत्र्याची साल, चहा, आलं, लिंबू आणि चिरायत्याचा एकच थेंब. लालसर तांबूस रंग. मिनल सुट्टीत आली होती, ती म्हणाली, "बुआ, ये तो एकदम कॉकटेल लग रहा है, फोटो लेने दो." प्रकाशने पहिला घोट घेतला आणि ग्लासाकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंच नाहीत, लांब कुठेतरी चिमण्यांच्या धुराकडे पाहत विचारलंत, "आज भट्टीवर कोण होतं?"

त्याने सांगितलं. आधी एका शब्दात, मग दोन वाक्यांत. भट्टीवरचा ठेकेदार, कोणाचा भाजलेला हात, त्याची स्वतःची भीती, की आता वरच्या शिडीवर चढताना गुडघा साथ देत नाही. मी जिन्याच्या दारात कणिक भरल्या हातांनी उभी राहून ऐकत होते. इतकी वर्षं त्याच्यासोबत राहून भीतीचं मला माहीत नव्हतं.

तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही, कारण तसं झालं नाही. बरेच दिवस तो सरळ घरी यायचा, काही दिवस यायचा नाही. तो आला नाही की तुम्ही त्याचा ग्लास बशीने झाकून ठेवायचात, सोडा उतरला की कुंडीत ओतायचात आणि त्याला एका शब्दाने विचारत नसायचात. एकदा साहू भैया त्याला बोलवायला गच्चीवर आले. तुम्ही त्यांच्याही हातात ग्लास दिलात. "दीदी, इसमें कुछ मिलाया है क्या?" त्यांनी विचारलं. "मिलाया है," तुम्ही म्हणालात, "बैठो, पता चलेगा." ते बसले, आणि त्या दिवशी दोघेही कुठे गेले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात दोघे मिळून गेले. असंच चालत होतं. त्याच्या रक्ताचे आकडे सुधारले, थोडे. ते मी तुम्हाला दाखवले तेव्हा तुम्ही कागद उलटा धरला होता आणि तरी मान हलवलीत.

आपला खरा वाद आल्याच्या बरणीवरून. मीही तोवर या नादात पडले होते, आणि मला तुमचं ते यंत्र म्हणजे फसवणूक वाटायची. मी बरणीत किसलेलं आलं, साखर आणि पाणी ठेवलं, रोज थोडं आलं-साखर घालत गेले, आणि काही दिवसांनी ते आपोआप फसफसायला लागलं. त्यातलं थोडं लिंबाच्या पाण्यात घालून बाटली बंद केली की बाटलीतच बुडबुडे तयार. चव तर तुमच्या सोड्यापेक्षा कितीतरी भरीव. तुम्ही बरणी उघडून वास घेतलात आणि झाकण लावून टाकलंत.

"ही दारूच होय."

"ताई, यात असेल तर नावापुरतं. पिकलेल्या केळ्यात असतं तेवढं."

"नाव तं आलं ना त्यात."

"मग दही कशाला खाता? इडलीचं पीठ आंबवता, तेव्हा?"

"इडली खाऊन कोणी कोणाले मारत नाही."

मादक पेय न घेण्याचं पाचवं शील तुम्ही रोज सकाळी म्हणायचात, मीही म्हणते. पण मी त्याचा अर्थ नशा असा घेते आणि तुम्ही एक थेंब असा घेत होतात. मी दवाखान्याची भाषा काढली, तुम्ही वर निघून गेलात. मग मे महिन्यात माझी एक बाटली ओट्यावर फुटली. काच पंख्यापर्यंत उडाली. नशिबाने स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. तुम्ही झाडू घेऊन खाली आलात, काच गोळा केलीत, आणि जाताना म्हणालात, "यंत्राची बाटली अशी नाही फुटत." मी दुसऱ्या दिवशी नवीन बरणी लावली. तो वाद तिथेच आहे, ताई. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं.

पण मोहाच्या दिवशी मी वाद घातला नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाईने गावाकडून वाळलेली मोहाची फुलं आणून दिली होती. मोहाची दारूच का व्हावी, त्याचा पाक करून सोड्यात घालून पाहू, असं माझ्या डोक्यात होतं. फुलं धुतली, भिजवली, मंद आचेवर ठेवली. तो गोड, जड वास घरभर झाला. तुम्ही जिन्यावरून उतरलात. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही गॅस बंद केला नाहीत. स्वयंपाकघरातल्या पाटावर बसलात, भिंतीला टेकून.

"यांचा हाच वास होता," तुम्ही म्हणालात.

मी चमचा खाली ठेवला.

"गोंदियाले क्वार्टर होतं आमचं. ड्युटीवरून आले का बाहेर बाज टाकून बसत. दिवसभर तोंडातून शब्द नाही काढायचा तो माणूस. ग्लास घेतला का पहिला एक तास... इतका चांगला बोले वो माझ्याशी. आज कोणती गाडी लेट झाली, कोणता साहेब काय म्हणला. मले विचारे, तू काय केलं दिवसभर. मी लिंबाचं शरबत घेऊन बसायची बाजूले. मले वाटे, हा ग्लास संपूच नये."

"मग?"

"मग दुसरा भरे." तुम्ही पदराच्या टोकाने पाट पुसत होतात, तो स्वच्छ असूनही. "दुसऱ्याच्या नंतरचं सगळ्यायले माहीत आहे. पहिल्याचं कोणाले माहीत नाही. मले लाज वाटते सांगाले, का मले तो तास आवडत होता."

मी विचारलं, "म्हणून तुम्ही एकच देता का? एकच ग्लास, उंच?"

"एकच," तुम्ही म्हणालात. "पण लांबवाचा."

तो पाक आपण कोणी प्यायलो नाही. तुम्ही उठलात, दाराशी थांबलात आणि म्हणालात, "वास चांगला आहे तसा." बस. हे बोलणं आपल्यात पुन्हा निघालं नाही. तुम्ही 'कोणाला सांगू नको' असंही म्हणाला नाहीत.

तुम्ही गेल्यानंतरच्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असायचं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. माणसं कमी झाली त्या दिवशी प्रकाश शिफ्टवरून सरळ घरी आला, चप्पल न काढताच गच्चीवर गेला. फरशीवर काळी पूड होती, कोणी धुतली नव्हती. मी ग्लास भरला नाही. तुमच्यासारखा मला भरता येत नाही, आणि त्या वेळी नक्कल करायची इच्छाही नव्हती. नुसतं माठातलं पाणी नेलं आणि बाजूला बसले.

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "तिले मी आणलं होतं गोंदियाहून. माहीत आहे तुले?"

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तुम्ही स्वतः निघून आलात.

तुमच्या बाबांनी त्याला पाठवलं होतं. तेव्हा तो कॉलेजात होता. तुमच्या कपाळावर जखम होती आणि तरी तुम्ही यायला तयार नव्हतात. "मी नाही येत, तू वापस जाय," असं तुम्ही त्याला सांगितलंत. शेवटी तुमच्या यजमानांनीच तुमची पेटी बाहेर काढून रिक्षात ठेवली. "ते शुद्धीत होते त्या दिवशी," प्रकाश म्हणाला. "मले म्हणाले, ने हिले. माझ्यानं नाही सुटत हे, आन् एखाद दिवशी हिचा जीव जाईन माझ्या हातानं. मी तिचा हात धरून ओढलं, सांगतो. गाडीत ती दुर्ग येईस्तोवर माझ्याशी बोलली नाही. अन् ते तिकडं एकटेच मेले. शेजाऱ्यानं दार तोडलं." त्याने पाण्याचं भांडं बाजूला सारलं. "तिनं मले कधीच नाही म्हटलं काही. म्हटलं असतं तं बरं झालं असतं."

मग मी त्याला मोहाच्या वासाच्या दिवसाचं सगळं सांगितलं. जसं तुम्ही सांगितलंत तसंच, तुमच्याच शब्दांत, पाटासकट. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मले काहून नाही सांगितलं तिनं?"

"तुला रोज समोर बसवत होती," मी म्हटलं. "सांगायचं असेल."

ते खरं आहे की नाही हे मला माहीत नाही. हे मी त्याच्यासाठी बोलले. तुम्ही खरंच त्याला सांगणार होतात का, ताई? की त्याचं ऐकणं हेच तुमचं काम होतं? तुमच्याशी बोलायला मला इतकी वर्षं मिळाली आणि विचारायचे प्रश्न आता पडताहेत.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. अंगणात पांढरी चादर, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, तुमचा ऑफिसातला फोटो, ज्यात तुम्ही कोणावर तरी रागावलेल्या दिसता. पुरानी बस्तीपासून पाहुणे आले होते, तुमच्या ऑफिसातल्या बायका होत्या. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं, आम्ही मागून म्हटलं. मग त्यांनी तुमचं नाव घेतलं, कालकथित शोभाताई, आणि पुढचं म्हणायला सुरुवात करणार तोच प्रकाश गुडघ्यांवर थोडा पुढे सरकला.

"भन्तेजी, एक नाम और लेना है."

"किनका?"

"सुखदेवजी. हमारे जीजाजी."

"इनका भी अभी हुआ?"

"नहीं. बहुत पहले हुआ." प्रकाशचा आवाज स्वच्छ होता. "तब हम में से कोई गया नहीं था."

मागे बसलेल्या म्हाताऱ्या मावशी एकमेकींकडे बघायला लागल्या. भन्तेजींनी मान हलवली, आणि दोन्ही नावं एकत्र घेतली. शोभाताई आणि सुखदेव. मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. या घरात सून म्हणून आल्यापासून मी त्या माणसाला फक्त 'ताईंचे यजमान' म्हणत आले होते.

मिनल माझ्या कानाशी आली. "मम्मी, ये सुखदेव कौन?"

"बुआचे यजमान."

"हमको तो कभी किसीने बताया नहीं."

"बाबांना विचार," मी म्हटलं.

जेवणं झाली, पाहुणे गेले, साहू भैयांनी चादरी झटकून घड्या केल्या. मिनलने बापासमोर खुर्ची ओढली आणि बसली. "बताओ ना पापा, कैसे थे?"

मला वाटलं तो कपाळावरच्या जखमेपासून सुरू करील, किंवा रिक्षापासून, किंवा तोडलेल्या दारापासून. मी ताटं उचलायची थांबले. तुमच्या भावाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला.

"तुझे फुफाजी ना," तो म्हणाला, "बासरी वाजवत. बहुत मस्त वाजवत. मी लहान होतो तं मले खांद्यावर बसवून स्टेशनपर्यंत वाजवत नेत."

हेही तुम्ही मला सांगितलं नव्हतं, ताई.